मीठ, मृग आणि मृगया : आमिषाच्या शिकारीतील व्यक्तिगत नीतीचा विचार

प्रास्ताविक

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने भारतातील हौशी शिकारीला उतरती कळा लावली आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची उरलीसुरली व्यवस्थाही कायद्यातून काढून टाकली. त्यामुळे हरणाची शिकार करताना मिठाचे वा धान्याचे आमिष वापरावे की नाही, हा प्रश्न चर्चेला घेणे काहींना अप्रस्तुत वाटण्याची शक्यता आहे. ज्या कृत्यालाच बंदी आहे त्या कृत्याच्या पद्धतीची नीती कशासाठी तपासावयाची, हा आक्षेप वरकरणी बिनतोड आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र तो मान्य करता येत नाही. महाभारतातील पंडूची कथा, रामायणातील मारीचाचा प्रसंग आणि शाकुंतलाचा आरंभ या तिन्ही ठिकाणी कथेला वळण देणारी घटना हरणाच्या शिकारीची आहे. यांपैकी निदान दोन ठिकाणी वाद शिकार करावी की करू नये असा नसून ती केव्हा, कोठे आणि कोणत्या हरणाची करावी असा आहे.

दुसरे कारण असे की, अमेरिकेत हा प्रश्न आजही जिवंत आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार तेथे दर शरद ऋतूत कायदेशीरपणे होते. आमिषाला काही राज्यांत मुभा आहे, काही राज्यांत मनाई आहे. जेथे मुभा आहे तेथे निर्णय शेवटी ज्याच्या हाती बंदूक वा धनुष्य आहे त्या एकट्या माणसावर येऊन पडतो. कायदा गप्प बसल्यावर उरणारी ही जी नीती, तिचे स्वरूप काय, याचा शोध आल्डो लिओपोल्ड, होसे ओर्तेगा इ गासेत आणि जिम कॉर्बेट या तीन लेखकांच्या लेखनाच्या आणि आपल्या परंपरेतील काही प्रसंगांच्या आधारे घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे. प्रस्तुत अभ्यासक शिकारी नाही आणि त्याने कधी बंदूक हाती धरलेली नाही, हे आरंभीच नमूद करणे योग्य होईल.

मीठ आणि मका

आमिष या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात व त्यामुळे चर्चेत गोंधळ होतो. पहिली गोष्ट म्हणजे मका. शिकारीच्या हंगामात मचाणापासून टप्प्यात येईल अशा अंतरावर मक्याचा ढीग टाकला जातो. टेक्साससारख्या राज्यात ठरलेल्या वेळी दाणे उडवणारी यंत्रे सर्रास वापरली जातात. हरीण भुकेने येते, खाते आणि खातानाच मारले जाते. व्यवहार त्या दिवसापुरता, फार तर त्या हंगामापुरता असतो.

मिठाचे तसे नाही. समुद्रापासून दूरच्या प्रदेशांतील वनस्पतींत सोडियमचे प्रमाण अत्यल्प असते. वसंतात फुटणाऱ्या कोवळ्या पाल्यात पोटॅशियम आणि पाणी भरपूर असते आणि ते खाणाऱ्या प्राण्याच्या शरीरातून सोडियम अधिकच बाहेर टाकले जाते. त्याच सुमारास माद्या गाभण वा दुभत्या असतात. म्हणून वसंतात आणि उन्हाळ्यात हरणे खारी माती शोधत फिरतात. ही माती चाटण्याची जी जागा, तिला आपण येथे चाटण म्हणू. नैसर्गिक चाटण नसेल तेथे माणूस मिठाची ढेप ठेवतो किंवा कुजक्या बुंध्यावर मीठ ओततो. पावसाने मीठ जमिनीत मुरते आणि पुढे हरणे ती माती चाटून चाटून तेथे खड्डा पाडतात. माद्या आपल्या पाडसांना तेथे घेऊन येतात, पाडसे मोठी होऊन पुन्हा तेथेच येतात.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. शिकारीचा हंगाम शरद ऋतूत येतो आणि तोपर्यंत मिठाची ओढ बरीच ओसरलेली असते. याचा आधार घेऊन काही शिकारी म्हणतात की मीठ हे खरे आमिष नव्हेच, त्याने हरणांचे पोषण होते आणि शिंगे चांगली वाढतात. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. मीठ हरणाला शिकारीच्या दिवशी ओढून आणीत नाही, हे खरे. परंतु ते त्या जागेविषयी हरणाच्या मनात, 'मन' हा शब्द येथे सावधपणेच वापरला आहे, एक निर्धास्तपणा रुजवते. कोणत्या वाटेने यावे, कोठे थांबावे, कोणत्या वासाला घाबरू नये, हे सारे त्या जागी ठरून जाते. मका भुकेचा उपयोग करतो, तर मीठ सवयीचा. म्हणून प्रथमदर्शनी अधिक निरुपद्रवी वाटणारे मीठच नैतिकदृष्ट्या अधिक गुंतागुंतीचे आहे, असे प्रस्तुत अभ्यासकास वाटते.

मराठी माणसाला तर मिठाचा विचार निव्वळ क्षार म्हणून करताच येत नाही. खाल्ल्या मिठाला जागणे हा आपल्या भाषेतील निष्ठेचा सर्वांत घट्ट वाक्प्रचार आहे आणि नमकहराम ही तितकीच घट्ट शिवी. या दोन्हींत बंधन पडते ते मीठ खाणाऱ्यावर. देणाऱ्याने काय करावे, याविषयी भाषा मौन पाळते, कारण देणारा विश्वासघात करील ही शक्यताच तिने गृहीत धरलेली नाही. धनगर मेंढरांना मीठ चारतो तेव्हा तो त्यांना आपल्या हाताशी बांधून घेत असतो आणि त्याचबरोबर स्वतःही राखणदारीला बांधला जात असतो. मेंढरू शेवटी कापलेच जाते, हे कोणी निदर्शनास आणील. ते नाकारता येणार नाही. तरीही मधल्या काळात धनगराने त्याला लांडग्यापासून राखलेले असते. चाटण घालणारा शिकारी राखणदारीचा हा भाग वगळून फक्त बांधून घेण्याचा भाग उचलतो.

प्रेक्षक नसलेली नीती

आल्डो लिओपोल्ड हे विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक होते आणि आयुष्यभर शिकारी होते. १९४८ मध्ये शेजारच्या शेतातील वणवा विझवताना त्यांचा मृत्यू झाला आणि पुढील वर्षी 'अ सँड काउंटी अल्मनॅक' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील अमेरिकी संस्कृती व वन्यजीव यांवरील निबंधात त्यांनी एक साधे निरीक्षण नोंदविले आहे. इतर खेळांत टाळ्या वाजविणारे वा हुर्यो करणारे प्रेक्षक असतात, शिकाऱ्याला ते नसतात. त्यामुळे तो जे काही करील ते केवळ स्वतःच्या सदसद्विवेकाच्या सांगण्यावरून करतो. या निरीक्षणाचे महत्त्व शिकारीपुरते नाही. पर्यवेक्षक बाहेर गेल्यावर परीक्षागृहात जे घडते ते ज्या अध्यापकाने पाहिले आहे, त्याला लिओपोल्ड यांचे म्हणणे विस्ताराने समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि लिओपोल्ड यांच्या मांडणीत एक उणीव राहते. शिकाऱ्याने आपल्या साधनांवर स्वेच्छेने मर्यादा घालाव्यात, यंत्रांचा आणि उपकरणांचा सोस आवरावा, असे ते सांगतात. बाजारातील उपकरणे कौशल्याची जागा घेतात, ही त्यांची तक्रार आजही पटणारी आहे. पण मीठ हे उपकरण नव्हे. त्यात यंत्र नाही, खर्च जवळजवळ नाही आणि ते योग्य जागी ठेवण्यासाठी रानाचे चांगले ज्ञान लागते. उपकरणविरोधाच्या कसोटीवर मिठाची ढेप सहज उत्तीर्ण होते. म्हणजे कसोटीच अपुरी आहे.

ओर्तेगा यांनी एका स्पॅनिश सरदाराच्या शिकारविषयक ग्रंथाला १९४२ मध्ये लिस्बन येथे प्रदीर्घ प्रस्तावना लिहिली. ती पुढे स्वतंत्र पुस्तक म्हणून वाचली जाऊ लागली. त्यांच्या मते शिकार हा दोन विषम पातळीवरील प्राण्यांमधील संबंध आहे आणि त्यात सावजाला निसटण्याची संधी असणे हे त्या संबंधाचे अंगच आहे. शस्त्रे जसजशी प्रभावी होत गेली तसतसा माणूस आपले वर्चस्व आपणहून आवरत गेला, कारण ते आवरले नाही तर शिकार उरत नाही, केवळ कत्तल उरते. ही मांडणी डौलदार आहे. अमेरिकेतील 'बून अँड क्रॉकेट क्लब' या १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट आदींनी स्थापन केलेल्या संस्थेने न्याय्य पाठलागाची जी कल्पना रूढ केली, तिच्याशीही ती जुळते. शिकाऱ्याने अनुचित फायदा घेऊ नये, असा त्या कल्पनेचा मथितार्थ आहे.

परंतु या संपूर्ण विचारात शिकार हा एक सामना आहे असे गृहीत धरलेले आहे. सामन्यात दोन्ही बाजू खेळण्यास राजी असतात. हरीण कोणत्या दिवशी राजी झाले? निसटण्याची संधी ही जणू हरणाला दिलेली सवलत आहे असे भासवले जाते, पण प्रत्यक्षात ती शिकाऱ्याच्या आनंदाची अट असते. संधी नसेल तर मजा नाही, एवढाच तिचा अर्थ होतो. म्हणूनच आमिषाचे समर्थक या विचाराला अगदी सहज कोंडीत पकडतात. आमिषावर आलेले हरीण स्थिर उभे असते, नेम अचूक लागतो, जखमी होऊन रानात तडफडत मरण्याची शक्यता घटते. मादी कोणती, नर कोणता, पाडस सोबत आहे काय, हे नीट पाहता येते. मग न्याय्य पाठलागाच्या नावाखाली पळत्या हरणावर दूरवरून गोळी झाडणारा अधिक नीतिमान कसा? या प्रश्नाला सामन्याच्या भाषेत उत्तर नाही. ओकच्या झाडाखाली आपोआप पडलेल्या फळांवर येणारे हरीण मारलेले चालते, मग टाकलेल्या मक्यावर येणारे का नाही, या प्रश्नालाही नाही.

किंदमाचा आक्षेप

या कोंडीतून वाट दाखविणारा प्रसंग महाभारताच्या आदिपर्वात आहे. हस्तिनापूरचा राजा पंडू अरण्यात मृगया करीत असता मैथुनात रत असलेल्या मृगाच्या जोडीवर बाण सोडतो. तो मृग म्हणजे मृगरूप घेतलेला किंदम ऋषी असतो आणि मरण्यापूर्वी तो राजाला शाप देतो. शाप सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी झालेला वाद मात्र फारसा कोणी वाचत नाही.

पंडू स्वतःचा बचाव करतो. राजे मृगांशी शत्रूंप्रमाणे वागतात, मृगांना उघडपणे मारावे किंवा लपून मारावे, दोन्ही मान्य आहे आणि अगस्त्यांनीही मृगया केली होती, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. म्हणजे पंडू पद्धतीचा मुद्दा निकालात काढतो. लपणे, फसविणे हे शिकारीत दोषास्पद नाही. रामायणात वालीच्या आरोपाला उत्तर देताना रामही जवळजवळ हाच दाखला देतो. माणसे जाळ्यांनी, फासांनी, लपून आणि समोर राहून, भेदरलेली व निर्धास्त हरणेही मारतातच, असे तो म्हणतो. वालीचे समाधान झाले असे काव्य सांगते, वाचकांचे ते अद्यापही झालेले नाही.

किंदमाचे प्रत्युत्तर अनपेक्षित आहे. तू मृग मारलास म्हणून मी तुला दोष देत नाही, असे तो स्पष्ट म्हणतो. माझे मैथुन संपेपर्यंत तू थांबावयास हवे होते, आणि तेही आनृशंस्यापोटी, एवढेच त्याचे म्हणणे आहे. आनृशंस्य म्हणजे क्रूरतेचा अभाव. महाभारतात हा शब्द अहिंसेपेक्षा अधिक व्यवहारी अर्थाने येतो. हिंसा टळत नाही तेव्हाही जे पाळावयाचे असते ते आनृशंस्य.

किंदमाची ही कसोटी न्याय्य पाठलागाच्या कल्पनेहून मूलतः भिन्न आहे. तीत सामना नाही, संधी नाही, शस्त्रांची मोजदाद नाही. सावज आपल्या देहाच्या एखाद्या मूलभूत गरजेत इतके बुडालेले असेल की त्या क्षणी त्याने जगाविषयीची सावधगिरी खाली ठेवली आहे, तर त्या क्षणाचा लाभ उठवू नये, एवढेच ती सांगते. मैथुन ही जशी गरज, तशीच तहान आणि तशीच मिठाची ओढ. ओकची फळे आणि टाकलेला मका यांतील भेदही येथे स्पष्ट होऊ लागतो. रानात फिरत फळे टिपणारे हरीण प्रत्येक घासागणिक मान वर करून पाहते. आमिषाची सारी योजना ही मान खाली राहावी यासाठीच असते. गरज निसर्गाने दिली आणि गाफीलपणा शिकाऱ्याने घडविला, असा हा प्रकार आहे.

याच विचाराची दुसरी बाजू शाकुंतलात दिसते. दुष्यंताचा रथ ज्या हरणामागे धावतो ते आश्रमाचे हरीण असल्याचे सांगून तपस्वी त्याला थांबवतात. पुढे आश्रमाच्या खुणा वर्णन करताना, येथील हरणे विश्वास बसल्यामुळे रथाच्या आवाजाने दचकत नाहीत, असे राजाच सारथ्याला दाखवून देतो. आणि चौथ्या अंकात शकुंतलेची वाट अडविणारे पाडस हे तिने मूठमूठ सावा भरवून वाढविलेले असते. जेथे हरणाला दाणा घातला जातो तेथे बाण चालत नाही. कालिदासाने हे तत्त्व म्हणून कोठे मांडलेले नाही, ते नाटकाच्या रचनेत सहज मुरलेले आहे. टेक्सासमधील दाणे उडविणारे यंत्र आणि शकुंतलेची मूठ यांत घातलेल्या धान्याच्या दृष्टीने काहीच फरक नाही. दाणा खाण्यासाठी आलेल्या हरणाचे पुढे काय होणार, एवढाच तो आहे.

किंदमाची कसोटी सर्व अडचणी सोडविते असा दावा येथे नाही. अचूक नेमाचा युक्तिवाद तिच्यासमोरही उभा राहतो. गाफील हरीण एका गोळीत मरते, सावध हरीण कदाचित जखमी होऊन मरते. येथे वेदना कमी करणे आणि विश्वास न मोडणे ही दोन मूल्ये खरोखरच एकमेकांच्या आड येतात. किंदमाचे उत्तर मात्र यातूनही निघते : थांब. हरीण चाटणावरून निघू दे, मान वर करू दे, आणि नेम खात्रीचा नसेल तर त्या दिवशी हात हलवीत घरी जा. मांसावर घर अवलंबून असलेल्या माणसाला हे सांगणे सोपे नाही, याची जाणीव ठेवूनच हे लिहिले आहे.

कॉर्बेटची खंत

जिम कॉर्बेट यांच्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' (१९४४) या पुस्तकातील मोहनच्या नरभक्षक वाघाची कथा या संदर्भात पुन्हा वाचावी अशी आहे. वाघासाठी रेडे बांधले जातात, वाघ त्यांतील एक मारतो आणि माग काढीत गेलेल्या कॉर्बेट यांना तो झोपलेला सापडतो. ते त्याला झोपेतच गोळी घालतात. वाघाने माणसे मारली होती, पुढेही मारली असती. त्याला मारणे सर्वांच्या हिताचे होते आणि तो जागा होता की झोपलेला, याने त्या हितात काही फरक पडत नव्हता. हा सारा हिशेब कॉर्बेट स्वतःच मांडतात. आणि तो बरोबर जुळल्यानंतरही झोपलेल्या प्राण्याला जागे करून संधी दिली नाही, ही खंत ते लपवीत नाहीत.

समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हे की, ही खंत समर्थनानंतर येते. समर्थन चुकले म्हणून खंत वाटली असे नाही. समर्थन पुरेसे असूनही काहीतरी शिल्लक राहिले. व्यक्तिगत नीती म्हणतात ती या शिल्लक राहिलेल्या भागात असते. कॉर्बेट यांनी तो भाग लिहून ठेवला, यातच त्यांचे लेखक म्हणून मोठेपण आहे.

पण त्याच कथेतील दुसरी गोष्ट कॉर्बेट यांच्या लेखणीतून निसटते. वाघाच्या झोपेविषयी खंत आहे, बांधलेल्या रेड्याविषयी मात्र नाही. रुद्रप्रयागच्या बिबट्याच्या प्रदीर्घ कथेत विष, लोखंडी सापळा, आपोआप सुटणाऱ्या बंदुका आणि अखेर १९२६ च्या मे महिन्यात गळ्यात घंटा बांधलेली शेळी, अशी साधने येतात. शेळीची घंटा रात्रीच्या काळोखात बिबट्या आल्याची खूण ठरते. वाचक त्या घंटेकडे श्वास रोखून कान लावतो आणि शेळी आमिष आहे हे विसरतो. कथनाच्या परिणामकारकतेची ही किंमत आहे. नरभक्षकाच्या बाबतीत हे सारे क्षम्य मानले तरी रेडकू बांधून मचाणावर बसण्याची पद्धत नरभक्षकांपुरती कधीच मर्यादित नव्हती. साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या हौशी शिकारींतही ती होती.

नियम कोणाचे?

येथे एक अप्रिय बाब मांडणे आवश्यक आहे. शिकारीतील सभ्यतेचे नियम तयार करणारे लोक पोटासाठी शिकार करणारे नव्हते. अमेरिकेत मांसासाठी शिकार करणाऱ्या गरीब शेतकऱ्याला हिणविण्यासाठी हंडीचा शिकारी अशा अर्थाचा शब्द रूढ होता. आपल्याकडे फासेपारधी फास लावून हरणे धरीत आणि गायपारधी शिकविलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ जात. ही कौशल्ये पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली होती. साहेबाच्या दृष्टीने मात्र ती चोरटी ठरली. १८७१ पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांच्या परंपरेत पुढे पारधी समाजही ओढला गेला. १९५२ मध्ये ते कायदे रद्द झाले, तरी डाग पुसला गेला नाही. रेडकू बांधून मचाणावर बसणारा सभ्य आणि फास लावणारा गुन्हेगार, ही वाटणी नीतीच्या नव्हे तर सत्तेच्या आधारे झाली होती. म्हणून न्याय्य पाठलागाचा उच्चार करताना मराठी अभ्यासकाने थोडे अडखळावे हे स्वाभाविक आहे.

मग किंदमाची कसोटीही अशीच वरून लादलेली नव्हे काय? तसे वाटत नाही. एक तर ती मारल्या जाणाऱ्याच्या तोंडून येते, मारणाऱ्याच्या नव्हे. शिवाय ती ज्याला लागू होते तो राजा आहे. ज्याच्याजवळ थांबण्याची सवड आहे, दुसरे अन्न आहे, त्यालाच थांबण्यास सांगितले आहे. अमेरिकेतील आजचा हरणशिकारी बहुतांशी याच वर्गात मोडतो.

चाटणावरचा रोग

हा प्रश्न केवळ सदसद्विवेकाचा राहिलेला नाही, हेही नोंदविणे भाग आहे. १९६७ मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत एक क्षयकारी रोग प्रथम दिसून आला. प्रायॉन नावाच्या विकृत प्रथिनांमुळे होणारा हा रोग हरणाच्या मेंदूची हळूहळू चाळण करतो आणि तो नेहमीच प्राणघातक ठरतो. प्रायॉन लाळ, मूत्र आणि विष्ठा यांतून बाहेर पडतात व मातीत दीर्घकाळ टिकून राहतात. २००२ मध्ये हा रोग दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये, म्हणजे ज्या शेतावर बसून लिओपोल्ड यांनी आपले निबंध लिहिले त्याच्या लगतच्या परगण्यात आढळला. त्यानंतर तेथे आमिषावर निर्बंध आले. मिशिगनमध्ये त्याआधीच, १९९४ मध्ये एका हरणात गुरांचा क्षयरोग आढळल्यानंतरच्या वर्षांत, आमिषाचा प्रश्न ऐरणीवर आला होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विस्कॉन्सिनमधील चाटणाच्या जागांवरील मातीत व पाण्यात प्रायॉन सापडले.

या माहितीने व्यक्तिगत नीतीचा प्रश्न संपतो, असे मानण्याकडे तेथील काही लेखकांचा कल आहे. रोग पसरतो म्हणून बंदी, विषय संपला. प्रस्तुत अभ्यासकाला हे मान्य नाही. रोग नसता तर चाटण घालून मारणे योग्य ठरले असते काय, हा प्रश्न उरतोच. मात्र या रोगाने एक गोष्ट उघडी केली. चाटण घालणारा म्हणत असे की माझे रान, माझे मीठ आणि माझा विवेक. वास्तविक त्या खड्ड्यात दहा कोसांवरून आलेल्या हरणांची तोंडे एकाच ओल्या मातीला लागत होती. लिओपोल्ड यांच्या प्रेक्षकविहीन शिकाऱ्याचे कृत्य खाजगी होते ते केवळ कोणी पाहत नव्हते या अर्थाने.

आपल्या कायद्यातील एक ओळ

१९७२ च्या आपल्या अधिनियमातील मूळ कलम १७ शिकारीच्या निषिद्ध पद्धतींविषयी होते. मोटारीतून शिकार, विष, फास, खड्डे यांबरोबरच चाटण, पाणवठा वा पाणी पिण्याची अन्य जागा आणि तेथे जाणाऱ्या वाटांवरही शिकार करण्यास त्यात मनाई होती. अपवाद होता तो भट तितर आणि पाणपक्ष्यांचा. म्हणजे किंदमाने मागितलेली सवलत भारतीय संसदेने, बहुधा किंदमाची आठवण न ठेवता, परवानाधारक शिकाऱ्यावर बंधनकारक केली होती. त्याच कलमात मांसाहारी प्राण्याने मारलेल्या सावजावर रात्री दिवा लावून बसण्यास विशेष परवान्याने मुभाही होती. चाटणावरच्या चितळाला अभय आणि मढीवर येणाऱ्या बिबट्याला दिवा, हा भेद कॉर्बेट यांच्या वाचकाला ओळखीचा वाटेल.

१९९१ मध्ये शिकारीचे परवानेच गेल्याने ते कलमही गेले. त्याच अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत मात्र वन्य प्राण्याला आमिष दाखविणे याचाही समावेश आहे. ज्या रानात चाटणावर शिकार करण्यास मनाई करणारी ओळ एकेकाळी लागू होती, तेथे आता काही अभयारण्यांत वनखातेच मिठाच्या ढेपा ठेवते आणि उन्हाळ्यात कृत्रिम पाणवठे भरते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील अनेक जंगलांत नागरिक त्याच पाणवठ्यांवर मचाणावर बसून येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'नागझिरा'पासून मराठी अरण्यवाङ्मयाने जो निरीक्षक घडविला तो हाच. मचाण तेच, चांदणे तेच, सावजाची तहानही तीच. ओर्तेगा यांना कॅमेऱ्याने केलेली शिकार बेगडी वाटत असे, कारण तिच्यात मृत्यू नाही. किंदमाला ती बेगडी वाटली असती असे नाही. पण पाण्यावर वाकलेल्या सांबराच्या डोळ्यांवर जेव्हा एखाद्या मचाणावरून विजेरीचा झोत पडतो आणि ते न पिताच मागे वळते, तेव्हा त्यानेही काही विचारले असते.